तारीफ लागायच्या आत

बोटं मीच उचलली. तीन बोटं प्रेसच्या साच्याच्या, डायच्या, कडेला होती आणि एक खाली स्क्रॅपच्या डब्यात, पत्र्याच्या तुकड्यांत गेलं होतं. तेलकट होती. अजून गरम होती. मी ती पदरात घेतली. हे, म्हणजे माझे मालक, स्टुलावर बसूनच होते. ओरडले नाहीत. उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होते, कोणी आपला हात यांच्याकडे सांभाळायला देऊन गेल्यासारखे. तेलाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर बातम्यांचा माणूस ओरडत होता. तो बंद करायला कोणाचा हात मोकळा नव्हता.

"अगं, चार हायेत का बघ," हे म्हणाले.

मी बघितलं. चार होती. अंगठा जागेवर होता.

यंदाही श्रावण आला तसाच आला. शेडच्या पत्र्यावर भुरभुर वाजते, थांबते, लगेच ऊन पडतं आणि पत्रा तडतडतो. मोशीच्या पुलावरून बघितलं तर इंद्रायणीवर पांढरा फेस. बाजारात आघाडा, दुर्वा, केवडा. आमच्या चिखलीत या सगळ्यात आणखी एक वास असतो, ओल्या लोखंडाचा आणि जळलेल्या तेलाचा. सून म्हणते, "आत्या, तुम्हाला सवय झालीय, तुम्हाला कसा येतो वास?" मला येतो. मागच्या श्रावणापासून जास्त येतो.

आमचं शेत होतं तिथं आता रस्ता आहे, इमारती आहेत. राहिलेल्या तुकड्यावर विलासनं, माझ्या मुलानं, पत्र्याची शेड टाकली आणि दोन जुन्या पॉवर प्रेस, पत्रा कापणारी-वाकवणारी यंत्रं, आणून बसवल्या. तिथं एक पट्टी बनायची. बोटभर लांब, दोन भोकं, एक वाक. ती चाकणच्या कंपनीत जायची. तिथं कशाला तरी जोडून, खोक्यात भरून अमेरिकेला. तिकडं ती कुठल्या गाडीला लावतात, कुठं लावतात, हे विलासलाही माहीत नव्हतं. मी आणि शोभा, माझी सून, पट्ट्या चिंधीनं पुसून तेलाच्या कागदात गुंडाळायचो. मी शोभाला म्हणायचे, बघ, मी कधी पुण्याच्या पलीकडं गेले नाही आणि माझ्या हातचा कागद अमेरिकेत कोणीतरी उलगडतंय.

हे पिंपरीच्या कंपनीत प्रेसवर होते. सगळी नोकरी प्रेसवर. प्रेसवरचा माणूस दोन गोष्टी तिथं ठेवून येतो, कान आणि बोटं. यांचे कान गेले. बोटं दहाच्या दहा राहिली. रिटायर झाले त्या दिवशी हार-नारळ घेताना यांनी दोन्ही पंजे वर करून सगळ्या प्रेस शॉपला दाखवले, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मलाही दाखवले. मी म्हटलं, "मला काय दाखवताय, मी रोजच बघते." पण बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला बोलू.

विलासनं प्रेस आणल्या तेव्हा यांनी पहिलं काम केलं ते बटणांचं. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते. म्हणजे दोन्ही हात बटणावर, डायखाली कोणाचाच नाही. जुन्या प्रेसवर एकच बटण होतं. यांनी माणूस बोलावून दुसरं बसवून घेतलं. विलासला म्हणाले, "ह्या दोन बटनांच्या मधी आपल्या मान्सांची बोटं हायेत. ध्यानात ठेव." काम मात्र त्यानं हळू होतं. जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, ठेवा, हात काढा, दोन्ही बटणं दाबा, जॉब काढा. घाई आली की लोक एक बटण बांधून टाकतात. चिंधी, रबर, नाहीतर लाकडाची पाचर. मग एक हात बटणावर आणि दुसरा जॉब सरकवायला मोकळा. सगळ्या चिखलीला हे माहीत आहे. कोणी बोलत नाही.

मागच्या वर्षी अमेरिकेला नवा अध्यक्ष आला होता. आमच्या घरात तो रोज यायचा. यांना ऐकू कमी, म्हणून टीव्ही फुल. हे त्याला पाटील म्हणायचे. दुपारचं जेवण झालं की हाक यायची, "लाव गं, आज पाटील काय म्हनला बघू."

मला तो माणूस पटायचा. आजही मी ते लपवत नाही. त्यानं त्याच्या लोकांना आधीच सांगितलं होतं, मी दार लावीन, आपल्या घरचं आधी बघीन. निवडून आला आणि दार लावायला लागला. बोलला ते केलं. निवडणुकीच्या आधी एक आणि नंतर एक करणारे मी इथं उभं आयुष्य बघितलेत, त्यामुळं मला त्यात वाईट काही दिसलं नाही. आपल्याकडची कागद नसलेली माणसं त्यानं विमानात भरून परत पाठवली, हातापायात बेड्या घालून. टीव्हीवर ते दाखवत होते तेव्हा यांनी घास खाली ठेवला.

"बेड्या कशापायी? खून केलाय का त्यांनी?"

"चोरून शिरलं तर काढणारच," मी म्हटलं. "आपल्या बांधात कोणी झोपडं टाकलं असतं तर तुमी काय त्याला हळदीकुंकू लावलं असतं?"

"काढावं. पन बेड्या?"

"तुमी टीव्ही बंद करा न्हाईतर जेवा."

बेड्यांचं मलाही पटलं नव्हतं. पण यांच्यासमोर कबूल केलं नाही.

चॅनेलांचं मात्र मला पहिल्यापासून पटलं नाही. एका चॅनेलवर तो राक्षस, दुसऱ्यावर देव. चार चौकटींत चार माणसं, चौघं एकदम बोलणार, मधला त्यांच्यावर ओरडणार. मागं ढोल वाजतात तसं संगीत. आपला मित्र, आपला मित्र, असं महिनोन्‌महिने चाललं होतं. मित्र आहे तर चांगलं आहे. पण मित्रानं आज काय केलं, ते आमच्या शेडला कसं लागणार, हे कोणी एका वाक्यात सांगितलं नाही. मी बाई आहे, अडाण्यासारखी आहे, पण साधी गोष्ट साधी सांगितली तर मला कळते.

श्रावण अर्धा झाला असेल. विलास एका दुपारी चाकणहून आला, गाडी नीट लावलीसुद्धा नाही. शोभाला म्हणाला, "सगळा माल महिना संपायच्या आत पायजे. टॅरिफ लागायच्या आत जहाजात चढला पायजे. साहेब म्हनला, विलासभाऊ, झोपू नका आता."

मी त्या वेळी पट्ट्या पुसत होते. मी ऐकलं ते असं: तारीफ लागायच्या आत.

मला वाटलं, कंपनीची बोलीच अशी आहे. शिफ्ट लागते, ओव्हरटाइम लागतो, तशी तारीफ लागत असेल. टीव्हीवरही तोच शब्द घोळत होता, अमेरिका, भारत, तारीफ. मित्र तारीफ करणार नाही तर कोण करणार? मी माझ्या मनाशी सगळं जुळवलं. अमेरिकेनं आपल्या मालाची तारीफ केलीय, आता मागणी वाढणार, पहिला माल वेळेत गेला तर पुढचं सगळं काम आपल्याला. पाहुणे मुलगी बघायला यायच्या आधी घर सारवतात, तशी ही घाई. मी खूश झाले. मोशीच्या बाजारात भाजीवाल्या नंदाला सांगितलंसुद्धा, "आमच्या पट्टीची अमेरिकेत तारीफ लागलीय."

नंदा म्हणाली, "मंग काकी, पेढे कवा? का नुसती भेंडीच न्यायची?"

"माल जाऊंदे, मंग देते."

घरात कोणी मला दुरुस्त केलं नाही, कारण कोणाला वेळच नव्हता. विलास आणि शोभा काय समजून घाई करत होते आणि मी काय समजून करत होते, हे एकमेकांना माहीत नव्हतं. ते दोघं दुकान बंद व्हायच्या आधीची घाई करत होते. मी दुकान उघडायची.

प्रेसवर दोघं कामाला होती, नांदेडकडची, नवराबायको. श्रावणाच्या अवसेला त्यांचा पोळा. आमच्याकडं बैलांचा सण आषाढात बेंदराला होऊन जातो, आणि आता तर बैलच नाहीत. पण त्यांच्याकडं बापाच्या दारात अजून जोडी आहे. विलासनं हात जोडले, पण बाई म्हणाली, "मालक, वर्षाचा एकच सण हाय. चार दिसात येतो." गेली. बरोबर केलं. सणाला माणसानं घरीच असावं. पण दोन प्रेस आणि माणूस एकटा विलास, असं झालं.

त्या सकाळी मी शेडमध्ये गेले तर विलास घामानं निथळत होता. डबे रिकामे. मी बघत उभी राहिले. जॉब ठेव, हात काढ, दोन्ही बटणं दाब, जॉब काढ.

मी म्हटलं, "बांध की ते एक."

"आप्पांनी बघितलं तर मला उभा चिरतील."

"आप्पा बघत न्हाईत. आप्पा टीव्ही बघत्यात. आन मी हाय की हितं."

तो बटणापासून बाजूला झाला. मी माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि उजव्या हाताचं बटण दाबून, दोन वेढे देऊन, गाठ मारली. माझी गाठ सुटत नाही. लहानपणापासून भारे बांधलेत मी. त्यानंतर प्रेस अशी चालली की बघत राहावं. दुपारपर्यंत जेवढे डबे भरले तेवढे एरवी संध्याकाळपर्यंत भरत नव्हते. मी विलासकडं बघून हसले होते, हे मला चांगलं आठवतं.

दुपारी भरलेला माल टेम्पोत घालून विलास चाकणला गेला. शोभा घरी पोळ्या लाटायला गेली. हे जेवून, मोबाइल हातात घेऊन शेडमध्ये आले. रिकामं स्टूल बघून म्हणाले, "मी बसतो. इसरलो न्हाई अजून." बसले. मग त्यांना चिंधी दिसली.

"कुनी बांधलं हे?"

"मी."

माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी कोणी दुसरीच बाई आहे असं बघितलं.

"सोड ती."

"येवढा डबा झाला की सोडते. त्यो एकच ऱ्हायलाय."

यांना ऐकू आलं की नाही, माहीत नाही. आलं असावं. कारण यांनी मान हलवली, मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवला, आवाज मोठा केला आणि सुरू केलं. हात बघण्यासारखा होता. एवढ्या वर्षांनी सुद्धा पट्टी अशी सरकवायचे की जणू पोळी तव्यावर टाकतायत. मी समोर बसून पुसत होते. डबा निम्मा झाला होता. मोबाइलवर एकदम संगीत वाजलं, माणूस ओरडला, आत्ताची सर्वांत मोठी बातमी, आणि तिथं अध्यक्षाचा चेहरा आला.

"पाटील आला," हे म्हणाले, आणि मान वर केली.

डावा हात मान वर करायच्या आधीच बटणावर गेला होता.

शेजारच्या शेडवाल्यानं टेम्पो काढला. त्याच्या बायकोनं दुधाच्या डेअरीतून बर्फ आणला, मी बोटं पिशवीत घालून बर्फात ठेवली. मोशीच्या चौकात गणपतीच्या मांडवासाठी बांबू टाकलेले, ट्रक अडकलेले. हे म्हणाले, "डबा अर्धा ऱ्हायला." मी म्हटलं, "गप बसा." दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी उघडून बघितली आणि परत बांधली. चिरडलेलं बोट परत लागत नाही, कापलेलं लागतं, असं त्यांनी सांगितलं. मला तो फरक समजला. मी प्रेस बघितलेली आहे.

बाहेर बाकावर आम्ही बसलो, मी आणि शोभा. समोर भिंतीवर टीव्ही. आवाज बंद होता. ते बरं झालं, कारण आवाज नसला की मी वाचते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर लावून वाचते, सावकाश. खाली लाल पट्टी सरकत होती. तोच शब्द परत परत येत होता. मी वाचायला लागले. पहिलं अक्षर त नव्हतं. ट होता. ट वर अर्धचंद्र. मग रि. मग फ.

"शोभा, ते काय लिव्हलंय?"

"टॅरिफ, आत्या."

"तारीफ न्हाई?"

शोभानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. "तारीफ कसली? टॅरिफ. जकात असते तशी. आपल्या मालावर अमेरिकेनं जबर जकात लावलीय. या महिन्यानंतर आपली पट्टी तिकडं कोण घेणार? म्हणून तर आमचे हे मरमर करत होते."

जकात. हा शब्द मला कोणी आधी का सांगितला नाही? नाशिक रस्त्याला आमच्या डोळ्यांदेखत जकात नाका होता, ट्रकांच्या रांगा लागायच्या. आमचे मळ्यातले कोबीचे गड्डे सोडून सगळ्यावर जकात होती असं सासरे म्हणायचे. जकात म्हणजे काय हे चिखलीतल्या शेंबड्या पोराला कळत होतं. एवढी चॅनेल, एवढी शिकलेली माणसं, कोट घालून बसलेली, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडात जकात हा शब्द येऊ नये? जकात म्हणाले असते तर मला कळलं असतं की हे काम वाढायचं नाही, संपायचं आहे. संपणाऱ्या कामासाठी मी गाठ मारली नसती. निदान मला असं वाटतं. खरं काय ते मलाही सांगता येणार नाही.

जकात घेणं पाप नाही. महानगरपालिका घेत होती, आता त्या देशानं घेतली. घरी म्हैस असताना मी पिशवीचं दूध घरात येऊ दिलं नव्हतं, आणि अमेरिकेतला माणूस त्याहून वेगळं काही करत नव्हता. त्यानं त्याचं दार लावलं. दाराच्या फटीत कोणाची बोटं आहेत ते त्याला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोटं त्यानं नाही, मी तिथं ठेवली होती. म्हणून त्याला शिव्या देणारे नातेवाईक भेटायला यायचे तेव्हा मी आत निघून जायचे. आणि त्याची आरती ओवाळणारेही यायचे. ते म्हणायचे, मैत्रीत असं होतं, चार दिवसांत काढेल. दोघांनाही मी चहा दिला. दोघांच्याही बोलण्यात यांचा हात नव्हता.

विलासनं दुसऱ्या दिवशी राहिलेला डबा पुरा केला. प्रेस धुतली आणि बसला. मी अडवलं नाही. चिंधी मी आधीच सोडली होती, दातांनी, कारण गाठ बोटांनी सुटेना. तो दोन्ही बटणं दाबत होता, सावकाश. मध्येच थांबून म्हणाला, "आई, तू बांधलंस."

"व्हय. मीच बांधलं."

"आन मी बांधू दिलं."

 पुढं कधीच हा विषय निघाला नाही. माल वेळेत गेला. जहाजात चढला. टॅरिफ लागायच्या आत.

गणपती बसले तेव्हा यांचा पंजा काळा पडला होता. साखर होती अंगात, जखम भरेना. मनगटापासून काढला. गौरी जेवल्या तेव्हा ताप. हे उजवा हात चादरीखाली ठेवायचे आणि डाव्या हाताची बोटं मला दाखवायचे, "पाच हायेत अजून." टीव्ही लावू का विचारलं तर नको म्हणाले. पहिल्यांदाच नको म्हणाले. पितृपंधरवड्यात गेले. लोक म्हणाले, भाग्यवान, पितरांच्या दिवसांत गेला. अशा लोकांना मी उत्तर देत नाही.

खंडेनवमीला चिखलीत शेडशेडला यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. सुतकाचं वर्ष, आमच्याकडं माळ नव्हती, पण तरी शोभानं कुंकवाची वाटी आणली.

"आत्या, प्रेसला एक बोट लावते फक्त."

"लाव. पन मला सांगू नको."

तिनं लावलं नाही. वाटी तशीच परत नेली.

चाकणहून फोन आला नाही. नांदेडची दोघं पोळ्याहून आली, आठवडाभर झाडलोट केली, मग दुसऱ्या शेडला गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यामुळं काही झालं नाही. पुढं म्हणे ती जकात उतरली. चॅनेलवर परत संगीत, परत मित्र. मी टीव्ही काढून माळ्यावर ठेवला आहे. बातमी वाचायची तर नंदा भाजी बांधून देते तो कागद वाचते. शिळी असते, पण ओरडत नाही.

विलासला आता इथल्याच ट्रॅक्टरवाल्यांचं थोडं काम मिळतं. एक प्रेस चालते. रोज सकाळी तो यायच्या आधी मी शेडमध्ये जाते आणि दोन्ही बटणं बघते. बोटानं दाबून बघते, परत वर येतात की नाही. शेडमध्ये चिंधी ठेवू देत नाही. पुसायला कागद. विलास येतो, बघतो आणि कामाला बसतो.

आज यांचं श्राद्ध झालं. भात, वडे, आमसुलाची चटणी, गवार. ताट मीच वाढलं. पानाच्या उजव्या बाजूला वाढताना थांबले जरा, हे कुठल्या हातानं जेवतील म्हणून. मग वाढलं. नंदा दोन पेंढ्या मेथी देऊन गेली, म्हणाली, "काकी, पैशे ऱ्हाऊंद्या." तिनं मला पेढ्यांचं कधी विचारलं नाही. तिला तारीफ आणि टॅरिफ मी सांगितलेलं नाही. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

पाऊस आत्ता थांबलाय. पत्रा तडतडतोय. विलास प्रेसवर बसलाय, सावकाश आवाज येतोय, दोन्ही हातांचा. शोभा पट्ट्या गुंडाळतेय.

त्या श्रावण-भाद्रपदातून जिवंत बाहेर आलो ते आम्ही तिघं. मी, विलास आणि शोभा.